रंगुबाईचं रडणं

इनामगावातल्या हौसरावाच्या मळ्यावर मी पहिल्यांदा गेले ती त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला. मी तेव्हा शिरूरच्या मिशन दवाखान्यात नर्स होते आणि घोडनदीकाठच्या गावांची फेरी माझ्याकडे असायची. त्या दिवशी सासू सोजराबाई उंबऱ्याबाहेर बसून आठवतील तेवढे देव आठवत होती, आणि आत रंगुबाई घामानं निथळत होती. एक कळ ओसरली तशी ती मला म्हणाली, "नर्सबाई, तुमी मंदाकिनीचा शिनेमा बघितलाय का? त्यात ती राणी झालीया. राणी एकदम वरडत न्हाई. आधी श्वास आत घेती, मान अशी वर करती, आन् मग तोंड उघडती. आता बगा."

पुढची कळ आली तेव्हा तिनं खरोखरच श्वास आत घेतला, मान वर केली आणि राणीच्या थाटात किंचाळली. बाहेरून सोजराबाईचा आवाज आला, "हितं जीव चाललाय आन् सोंगं काय करती ही बया!" मला हसू आवरेना. कौसाचा जन्म असा झाला.

मंदाकिनी शिराळकर हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब सिनेमाच्या विरुद्ध होते. ख्रिस्ती घरातल्या बायांनी तंबूकडे वळून बघू नये, असं ते उपासनेत सांगत. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं मला ही नटी जी माहीत झाली ती रंगूच्या तोंडून. फुलं घेऊन हौसराव शिरूरच्या बाजाराला निघाला की रंगू त्याच्या मागं लागून गाडीत बसायची. बाजाराच्या पलीकडच्या माळावर आनंदरावाचा फिरत्या सिनेमाचा तंबू लागलेला असायचा. एका सिनेमात मंदाकिनी राणी होती, दुसऱ्यात बोळक्या तोंडाची भांडखोर म्हातारी, तिसऱ्यात फडावर नाचणारी, चौथ्यात गिरणीकामगाराची मुकी बायको. ही सगळी एकच बाई आहे यावर रंगूचा आधी विश्वासच बसला नव्हता.

"देवानं मला एकच जलम दिला, बाई," ती मला म्हणाली होती. "तिला किती दिलं बगा. आन् एका बी जलमात ती उसनी वाटत न्हाई."

शेवंती तोडायला आलेल्या बायांपुढं ती ह्या सगळ्या जणी एकामागून एक उभ्या करायची. पदर कमरेला खोचला की फडावरची, डोक्यावरून ओढला की मुकी. रंगू बोळकी म्हातारी झाली की सोजराबाईसुद्धा तोंडाला लुगडं लावून हसायची, कारण ती म्हातारी थोडी तिच्यासारखीच चालायची. हौसराव अबोल माणूस. पण तोही मोट थांबवून धावेवर उभा राहायचा आणि बायकोकडं बघत बसायचा.

कौसा चालायला लागली तशी आईच्या मागंमागं हिंडायला लागली. एका हातात आईच्या पदराचं टोक, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा नाहीतर शेंगा. रंगू वाफ्यातून पुढं सरकली की पोर पुढं सरके, रंगू थांबली की थांबे. पाट ओलांडायचा असला, उंबरा ओलांडायचा असला की रंगू जरा थबकायची, मागच्या बारक्या पायांना वेळ द्यायची. मी फेरीला गेले की दोघी अशाच दिसायच्या.

पंचावन्न सालच्या दिवाळीत शेवंती भरात होती. माल पुण्याला न्यायचा होता आणि हौसरावाच्या पायावर बैलानं पाय दिला होता. म्हणून शेजारच्या बायांबरोबर ट्रकमध्ये बसून रंगूच गेली. निघताना कौसाचं अंग जरा कोमट लागलं होतं. ती घुटमळली, तेव्हा सोजराबाई म्हणाली, "जा तू. म्या हाय की. पोराला काय, आज कोमट तर उद्या गार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला निरोप आला. मी पोचले तेव्हा पोरीची मान सुजली होती आणि घशात करडा पापुद्रा धरला होता. घटसर्प. त्यावरचं इंजेक्शन पुण्याशिवाय मिळत नव्हतं. माझ्याकडे जे होतं ते मी केलं, प्रार्थना केली, आणि तिच्या छातीचा आवाज ऐकत बसले. दिवस मावळायच्या आत ती गेली. रोग पसरेल या भीतीनं गावकऱ्यांनी थांबू दिलं नाही. नदीच्या अंगाला, बाभळींच्या पलीकडं, त्याच संध्याकाळी हौसरावानं तिला पुरलं. मी तिथंच राहिले.

सकाळी रंगू आली. रिकाम्या पाट्या एकात एक घालून डोक्यावर घेतलेल्या. बांधावरूनच तिनं बोळक्या म्हातारीच्या आवाजात हाक मारली, "कवसे! माजं दात कुठं ठिवलं गं?"

अंगणात बाया बसलेल्या होत्या. कुणी उठलं नाही. रंगू तशीच म्हातारीसारखी वाकून दोन पावलं आली, मग सरळ झाली आणि एकेकीच्या तोंडाकडं बघायला लागली.

ती रडली नाही. "कुठं?" एवढंच तिनं विचारलं. हौसरावानं पुढं होऊन जागा दाखवली. ती उभी राहिली, परत आली, पाट्या जागच्या जागी लावल्या. बाया छाती पिटत होत्या आणि ती त्यांच्याकडं परक्या गावातल्या माणसासारखी बघत होती. सोजराबाई ओरडली, "माय हायस का धोंडा? टिपूस तरी येऊ दे डोळ्यातनं!" गावानं मग हेच धरून ठेवलं. सिनेमाचं वेड लागलेली बाई, हिला कसलं दुःख, असं पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं. नकला बंद झाल्या. हौसराव आधीच अबोल, तो मुलीचं नावही घेईना. नवरा-बायको बैलांबद्दल, पाण्याबद्दल बोलत, बाकी नाही.

एकच गोष्ट राहिली. पाट ओलांडताना, उंबरा ओलांडताना रंगू अजून थबकायची. डावा हात किंचित मागं सोडायची, पदर ताणला जाऊ नये म्हणून. मग पुढं जायची. तिला हे कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात सिनेमाची माणसं इनामगावला आली. त्यांना रुंद वाळूचं नदीपात्र हवं होतं. चकचकीत पत्रे, दोऱ्या, पेट्या घेऊन मोटारी काठावर उतरल्या आणि सगळा गाव कामधंदा सोडून तिथं जमला. नटी होती मंदाकिनी शिराळकर. रंगू गेली नाही. पण तिचा मळा नदीला लागूनच होता, विहिरीचं पाणी गोड होतं, त्यामुळे ती माणसंच मळ्यावर यायला लागली.

मंदाकिनीबाईंच्या पायात बाभळीचा काटा मोडला, म्हणून मला बोलावलं. मी गेले तेव्हा त्या हौसरावाच्या सोप्यात घोंगडीवर बसल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, ओठ उन्हानं फुटलेले, चाळिशीकडं झुकलेल्या. रस्त्यात दिसल्या असत्या तर मी मागं वळून बघितलं नसतं. पण त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि काय झालं कोण जाणे, मला वाटलं की मी काहीतरी फार महत्त्वाचं बोलणार आहे आणि ही बाई तेवढं ऐकायला जन्मभर थांबलेली आहे. मी फक्त म्हणाले, "पाय इकडं करा."

रंगू शेवंतीची पाटी घेऊन आत आली, उंबऱ्यात थबकली, मग पुढं होऊन कोपऱ्यात बसली. पाटी समोर ठेवून फुलं निवडायला लागली. जिच्यासाठी ती शिरूरपर्यंत गाडीतून धक्के खात जायची, ती बाई हाताच्या अंतरावर होती आणि रंगू तिच्याकडं बघतही नव्हती.

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "ताई, उंबऱ्यात थांबलात. मागं कोण होतं?"

"कुनी न्हाई."

"काल विहिरीवरून येताना पाटाशी पण थांबलात. परवाही. मी बघतेय."

रंगूचा हात फुलांत तसाच राहिला. मी काटा शोधत खाली मान घालून बसले. मग रंगू बोलायला लागली. पाऊसपाण्याचं सांगावं तशा आवाजात तिनं सगळं सांगितलं. पुण्याला गेले ते, कोमट अंग, रिकाम्या पाट्या, बांधावरची हाक. मला जे तोवर कधी बोलली नव्हती, नवऱ्याला बोलली नव्हती, ते तिनं या परक्या बाईला सांगितलं.

मंदाकिनीबाईंनी तिचं सांत्वन केलं नाही. त्यांनी विचारलं, "पदर कुठल्या हातानं धरायची?"

मला ते निर्दय वाटलं. पण रंगूच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जीव आला. "डाव्या," ती लगेच म्हणाली. "उजव्यात कायतरी खायाला असायचं."

"ओढायची का?"

"न्हाई. नुस्ता धरायची. कदी कदी त्येचा वास घ्यायची."

"आणि तुम्ही रडला नाहीत?"

"आलंच न्हाई. मी नव्हते ना तवा. आन् आता रडावं म्हनलं तर सोंग वाटतं, बाई. माजं मलाच. लई सोंगं केली मी, तुमचीच."

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "माझं उलटं आहे. इतक्यांचं रडले, की आता माझं आलं तरी मला ओळखू येत नाही. गेल्या साली माझी आई गेली. तिच्या उशाशी रडत होते आणि मनात म्हणत होते, आज चांगलं जमतंय."

बाहेरून कुणीतरी हाक मारली. ऊन उतरायच्या आत काम उरकायचं होतं. त्या उठल्या, पाय टेकून पाहिला, आणि रंगूसमोर येऊन उभ्या राहिल्या. "रंगूताई, हे मी घेऊ का?"

रंगूनं पाटीकडं पाहिलं. "घ्या की," ती म्हणाली. "तुमच्यापरीस काय जास्त हाय?"

मंदाकिनीबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी ओंजळभर शेवंती घेतली आणि लंगडत बाहेर पडल्या. मलाही तेव्हा फुलंच वाटली होती.

तो सिनेमा दोन वर्षांनी शिरूरच्या तंबूत लागला. त्याला काहीतरी मोठं संस्कृत नाव होतं, पण आमच्याकडं सगळे त्याला नदीचा सिनेमा म्हणत. अख्खं इनामगाव बैलगाड्या जुंपून आलं. आपली नदी, आपली वाळू पडद्यावर बघायची होती. रंगू माझ्या खोलीवर आली आणि म्हणाली, "चला. तिच्या पायातला काटा तुमीच काढलाय." मी डोक्यावरून पदर पुढं ओढला, चर्चच्या मंडळीतलं कुणी बघेल या भीतीनं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तंबूत शिरले. बायांच्या बाजूला आम्ही बसलो. मध्ये रंगू, पलीकडं सोजराबाई. दोरीच्या त्या बाजूला, पुरुषांत, हौसराव.

मंदाकिनीबाई त्यात एका शेतकऱ्याची बायको होत्या. माझ्या ओळखीची ती ठेंगणी बाई मला पडद्यावर शोधूनही सापडेना. ही उंच वाटत होती, हाडापेरानं राकट, आमच्याकडच्या बायांसारखी टाच आपटत चालणारी. मधे केव्हातरी तिचं मूल जातं. आणि मग ती एकटी नदी ओलांडायला निघते. समोर सगळं वाळवंट आणि मधून पाण्याची एक धार. धारेच्या कडेला ती थबकते. डावा हात किंचित मागं सोडते. वाट बघते. पाण्यात पाऊल टाकते, दोन पावलांवर पुन्हा थांबते, मागं न बघता तसाच हात सोडते. आणि मग तिला कळतं. ती धारेतच बसते आणि तिच्या तोंडून जो हंबरडा निघतो, तसा मी चाळीस वर्षांच्या नोकरीत एखाद्‌दोनदाच ऐकला असेल.

सगळा तंबू रडत होता. ज्यांनी रंगूला धोंडा म्हटलं त्या बाया नाकाला पदर लावून हुंदके देत होत्या. सोजराबाई मोठ्यानं रडली, आणि रडता रडता एकदम गप्प झाली. तिनं मान वळवून सुनेकडं पाहिलं. ती खूप वेळ बघत राहिली. दोरीपलीकडून हौसराव उठला आणि माणसांच्या अंगावरून पाय टाकत बाहेर निघून गेला.

रंगू ताठ बसून होती. डोळे कोरडे.

बाहेर आल्यावर एकजण खिदळत म्हणाली, "रंगे, तुजंच सोंग घेतलं की गं तिनं!" हौसराव गाडीपाशी उभा होता. बायको जवळ आल्यावर तो इतकंच म्हणाला, "घरातलं चव्हाट्यावर मांडलंस." ती गाडीत बसली नाही. माझ्याबरोबर खोलीवर आली.

चूल पेटवताना तिनं मला विचारलं, "ती फुलं न्हवती मागत, व्हय?"

"नसावी," मी म्हणाले.

"समजलं असतं तर मी न्हाई म्हनले असते." तिनं लाकडं आत सारली. "आन् मग हे झालंच नसतं. डाव्या हाताचं तिनं ध्यानात ठिवलं, बगितलंत?"

तंबू शिरूरला होता तोवर रंगू रोज दिवेलागणीला तिकडं जात होती. मी एकदा गेले तेवढीच. आनंदरावानं, तंबूच्या मालकानं, तिला तिकीट विचारणं सोडून दिलं. त्यालाही तोवर कुणीतरी सांगितलं होतं. मग तंबू हलला आणि ती घरी गेली. मला वाटलं, संपलं.

काही महिन्यांनी हौसराव दवाखान्याच्या दारात येऊन बसला. दाढी वाढलेली. पटका नुसता गुंडाळलेला. "न्हाई सांगता गेली," तो म्हणाला. "नदी वलांडून काष्टीला चालत गेली, तिथनं गाडीत बसली. दौंडाला तंबू लागलाय म्हनं. तुमचा भाऊ हाय ना तिथं रेल्वेत? त्येच्याकडं हाय ती. चला माझ्यासंगं, नर्सबाई. मी एकला गेलो तर ती काय बोलायची न्हाई, आन् मला बी काय बोलता यायचं न्हाई."

माझा भाऊ विल्यम दौंडच्या लोकोशेडमध्ये फिटर होता. रंगू एकदोनदा माझ्याबरोबर त्याच्या क्वार्टरवर आलेली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती व्हरांड्यात दबोराला, माझ्या भावजयीला, गहू निवडून देत होती. अंगात काही उरलं नव्हतं. डोळे खोल गेलेले. दबोरा मला आत नेऊन म्हणाली, "अक्का, खाणं नाही, झोप नाही. संध्याकाळ झाली की निघते. शेजारणी म्हणतात हिला बाहेरचं झालंय. मी म्हटलं, आमच्यात तसलं काही मानत नाहीत. पण मला भीती वाटते हो."

मी रंगूजवळ बसले. "का गं जातेस? तेच ते बघायला?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. "तिथं कौसा रोज मरती, बाई," ती म्हणाली. "आन् मी असते तिथं."

हौसराव पायरीवर बसलेला होता. त्यानं ते ऐकलं.

त्या संध्याकाळी तो तिच्यामागून तंबूत गेला. तिथं दोरी नव्हती, ते शेजारीशेजारी बसले. मी नव्हते. विल्यम होता. तो सांगतो, ती नदीची जागा आली तसा हौसरावानं पटका सोडला आणि तोंडात कोंबला.

सकाळी आम्ही स्टेशनवर आलो. काष्टीकडची पॅसेंजर लागायला वेळ होता. फलाटावर कोळशाचा धूर साचला होता, इंजिनं पाणी घेत होती. रंगू बाकाच्या एका टोकाला, हौसराव दुसऱ्या टोकाला, मध्ये मी. हौसरावानं समोर बघत, कुणाशी बोलतोय हे न कळावं अशा तऱ्हेनं सुरुवात केली.

"ती मागत व्हती तुला. आवाज निगत नव्हता, पर व्हटांवरनं कळायचं. नर्सबाई पानी तापवायला गेल्या व्हत्या तवा. हात असा करायची. मला वाटलं, आता काय द्यावं हिला? मी पटक्याचं टोक दिलं तिच्या हातात. म्हनलं, ह्यो बघ आयचा पदर. तिनं नाकाला लावला." त्यानं डोक्यावरचा पटका चाचपला. "म्हनली, ह्यो न्हाई."

इंजिनाची वाफ सुटली, सगळं पांढरं झालं आणि पुन्हा दिसायला लागलं.

"मी परत दिला," तो म्हणाला. "तिनं सोडून दिला. मग गेली. ह्ये सांगायला मला तोंड नव्हतं, रंगू. तू आल्यावर काय सांगनार? शेवटाला मी तिला फशीवलं, आन् ती फशली बी न्हाई."

मी उठून बाजूला झाले. रंगू सरकून त्याच्याजवळ गेली. "कंच्या हातात दिला?" तिनं विचारलं.

"उजव्या वाटतं. ध्यानात न्हाई."

ती तोंड उघडून काहीतरी बोलायला गेली आणि शब्दाऐवजी एक बारीक, घशात अडकलेला आवाज आला. पुन्हा आला. मंदाकिनीबाईंच्या हंबरड्याशी त्याचं काही नातं नव्हतं. उचकीसारखं, ओंगळ, नाकातोंडातून पाणी वाहणारं ते रडणं होतं. हमाल थांबून बघायला लागले. एक बाई आपल्या पोरांना पलीकडं घेऊन गेली. हौसरावानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पॅसेंजर आली, माणसं चढली-उतरली, आणि गेली. आम्ही तिघं तिथंच होतो.

लोक मला विचारतात की मग ती बरी झाली का. बरी म्हणजे काय, हे मी नर्स असून मला सांगता येत नाही. ती तंबूकडं पुन्हा गेली नाही. जेवायला, झोपायला लागली. पण इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बोलणं एकदा सुटलं ते आवरेना. तू गेलीच का, तुमीच का न्हाई गेला, आईनं का पाठवलं, असं रोज चालायचं. एका भांडणात सोजराबाई म्हणाली, "व्हय, म्याच म्हनलं जा म्हनून. आता काय मारता मला?" आणि त्यानंतर तिनं जेवण सोडलं. हळूहळू खंगून ती गेली. अखेरच्या दिवसांत तिचं सगळं रंगूनंच केलं, पण दोघींत माफीचा शब्द झाला नाही. पुढं रंगूला एकदा दिवस गेले, ते राहिले नाहीत. हौसराव बासष्टच्या उन्हाळ्यात न्यूमोनियानं गेला. मग मळ्यात ती आणि शेवंती. घोड धरणाच्या कालव्याचं पाणी यायला लागलं तसे भोवतालच्या रानांत ऊस उभे राहिले. दिरानं तिलाही ऊस लाव म्हणून पिच्छा पुरवला. तिनं लावला नाही.

सहासष्ट साली विल्यमच्या घरी मी वर्तमानपत्र वाचत होते, त्यात मंदाकिनी शिराळकर वारल्याची बातमी होती. बऱ्याच वर्षांत कामं मिळत नव्हती, मुंबईत आजारी होत्या, असं आत कोपऱ्यात दिलं होतं. वर फोटो होता. पुढच्या फेरीला मी ते पान बरोबर घेतलं.

रंगू बांधावर बसून जुड्या बांधत होती. मी सांगितलं. तिनं सुतळी दातात धरली, गाठ मारली, आणि मग विचारलं, "जवळ कोन व्हतं?"

"ते दिलेलं नाही."

तिनं हात लुगड्याला पुसले आणि पान मागून घेतलं. वाचता येत नव्हतंच. फोटोकडं बघत राहिली, पान वळवून उजेडाकडं धरलं, पुन्हा बघितलं. घरातला फोटो होता, खुर्चीत बसलेली एक थकलेली बाई, चष्मा लावलेली.

"ही कंच्या शिनेमातली?"

"सिनेमातली नाही, रंगू. घरातली आहे. तीच ती."

ती अजून थोडा वेळ बघत होती. मग पानाची घडी घालून तिनं ते मला परत दिलं. "मग हिला मी वळखत न्हाई," ती म्हणाली, आणि पुढची जुडी हातात घेतली.